पेठेतलं पाणी

मंगळवार

आज आईने अर्धा कप चहा तसाच ठेवला. आई चहा अर्धवट सोडते म्हणजे एक तर तिची तब्येत बिघडलीय, नाहीतर चहा. तब्येत ठणठणीत आहे, सकाळीच भाजीवाल्याशी भांडून आली.

पेठेतलं घर सोडून वाघोलीला आल्याला तीन आठवडे झाले आणि तेव्हापासून घरात रोज चहाची चौकशी समिती बसते. पहिला संशय पावडरवर. मग दुधावर, कारण तिकडे म्हशीचं सुटं दूध यायचं, इथे पिशवीचं. मग आल्यावर. शेवटी करणाऱ्यावर, म्हणजे माझ्यावर.

पण मी करतो तो तिचाच चहा. दोन कपांना दीड कप पाणी, साखर आणि किसलेलं आलं पाण्यातच. खळखळून कढ आला की दोन चमचे पावडर, लगेच गॅस बंद, वर झाकण, तीन मिनिटं हात लावायचा नाही. दूध शेजारी तापलेलं, ते कपात वरून. पावडर उकळत ठेवली की चहात कडवटपणा उतरतो, हा आईचा सिद्धांत. बायको सोलापूरची, तिच्या माहेरी दूध, पाणी, पावडर सगळं एकदमच पातेल्यात आणि दोनदा वर येईपर्यंत उकळायचं. पंधरा वर्षांत दोघींचं एवढ्या एकाच मुद्द्यावर जमलेलं नाही.

आलं निर्दोष सुटलं. कच्चं आलं दुधात पडलं तर दूध फाटतं, कारण त्यातलं एक विकर दुधाची प्रथिनं तोडतं. पाण्याबरोबर आधी उकळलं की त्याचा जोर जातो. (चीनमध्ये ग्वांगडाँगकडे याच गुणाचा फायदा घेतात. आल्याच्या रसावर गरम दूध ओतलं की खरवसासारखं घट्ट होतं. एकदा करून बघायचंय, आई घरात नसताना.)

गुरुवार

संध्याकाळी आईचा उरलेला कप धुवायला घेतला आणि थबकलो. वर साय नव्हती, तपकिरी पापुद्रा होता. चमचा लावला तर आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या त्याच्या खपल्या झाल्या. कपाच्या आत तपकिरी वळं, बोटाने घासून जाईना. चहाचा रंगही लालसर नाही, काळपट, मेल्यासारखा.

ऑफिसातून येताना पावडर बदलायला नेहमीच्या दुकानात गेलो. ममरी आणि डस्ट निम्मी-निम्मी, वर्षानुवर्षं हेच मिश्रण. डस्ट बारीक, म्हणून रंग झटकन सुटतो. ममरीचे दाणे सावकाश उतरतात, पण चव त्यांची. तक्रार ऐकून दुकानदारांनी पुडी बांधायचंच थांबवलं.

“तिकडं पाणी कुठलं?”

म्हटलं, टँकर. आणि बोअरचं.

“मग पावडरीला शिव्या नका देऊ, साहेब.”

शनिवार

जुन्या घरी चुलतभाऊ राहतो. त्याच्याकडून नळाचं पाणी पाच लिटरच्या कॅनमध्ये भरून बसने आणलं. कंडक्टरने विचारलं, गंगेचं का? मी म्हटलं, खडकवासल्याचं.

दोन पातेली शेजारी-शेजारी ठेवली. तीच पावडर, तेच दूध, घड्याळ लावून तीन मिनिटं. आईला काही न सांगता दोन्ही कप पुढे केले. एका घोटात म्हणाली, “हा आपला.” दुसरा सरकवून दिला.

बोअरचं पाणी खडकातून मुरताना कॅल्शियमचे क्षार घेऊन येतं. चहातली तुरट द्रव्यं त्या क्षारांबरोबर हवेच्या संगतीत वर थर धरतात, तोच पापुद्रा. धरणाचं पाणी त्या मानाने मऊ. आमच्या फिल्टरची कांडी गाळ अडवते, पण विरघळलेले क्षार तिच्यातून सरळ पार होतात. आरओ लावा, म्हणतात सगळे. पण तो एक लिटर देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतो, आणि पैसे मोजून घेतलेलं टँकरचं पाणी मोरीत सोडायचं, हे आईला कोण सांगणार?

रविवार

काल रात्री पातेलंभर पाणी दहा मिनिटं उकळून झाकून ठेवलं. उकळल्यावर यातले बरेच क्षार खाली बसतात. सकाळी तळाला बोटाला लागेल असा पांढरा, पिठूळ थर होता. पातेलं न हलवता वरचं निवळ तेवढं ओतून घेतलं आणि त्याचा चहा केला. पेठेतला नाही झाला, पण रंग लालसर आला. आईने कप रिकामा केला आणि बशीतलंही ओढलं.

बायको ओट्याशी उभी होती. म्हणाली, “माझा चहा मात्र या तीन आठवड्यांत एकदाही बिघडला नाही हं, आई.”

“नाहीच बिघडणार. त्यात दूधच फार.”