सभापतिपद रिकामे झाले त्या दिवशी

३ ऑक्टोबर २०२३ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने मतदान करून आपल्या सभापतींना पदावरून दूर केले. त्या सभागृहाच्या इतिहासात असे पूर्वी कधी घडले नव्हते. मी तेव्हा वॉशिंग्टनमध्ये, सदस्यांची कार्यालये असलेल्या लाँगवर्थ इमारतीत, एका रिपब्लिकन काँग्रेसमनच्या, म्हणजे या प्रतिनिधीगृहाच्या सदस्याच्या, कार्यालयात साहाय्यक होते आणि शेतीचा विषय माझ्याकडे होता. आमचे काँग्रेसमन मका, सोयाबीन आणि दुग्धव्यवसाय यांवर जगणाऱ्या मध्यपश्चिमेतल्या मतदारसंघाचे. सरकारी खर्चाला कात्री लावलीच पाहिजे, हे त्यांचे ठाम मत. परंतु खर्चाची मंजुरी अडवून सरकारचे कामकाज ठप्प केले की खर्च कमी होतो, हे त्यांना कधीच पटले नाही.

त्या सकाळी आमच्यापुढचा प्रश्न सभापतींचा नव्हताच. २०१८ च्या शेती कायद्याची, ज्याला सगळे फार्म बिल म्हणतात त्याची, मुदत ३० सप्टेंबरला संपली होती. पीकविम्याला स्वतंत्र कायमस्वरूपी कायद्याचा आधार आहे आणि गरिबांच्या अन्नसाहाय्याचा निधीही चालू राहतो, त्यामुळे मुदत संपली म्हणून दुसऱ्याच दिवशी कोणाचे अडत नाही. मात्र वर्षअखेरपर्यंत नवा कायदा किंवा मुदतवाढ झाली नाही, तर दुधाला १९४९ च्या कायद्यातले आधारभावाचे सूत्र पुन्हा लागू होते आणि तो भाव बाजारभावापेक्षा कितीतरी चढा निघतो. सकाळीच एका गोठेमालकाचा फोन आला. चाऱ्याचा खर्च आणि दुधाचा भाव यांतले अंतर घटले की भरपाई देणारी योजना पुढच्या वर्षी असेल का, हे त्यांना बँकेला सांगायचे होते. योजना डिसेंबरअखेर चालू आहे, याहून अधिक काही मी सांगू शकले नाही. आमचे काँग्रेसमन शेती समितीवर होते, तरीही नवे विधेयक सभागृहात केव्हा येणार, हे त्यांनाही माहीत नव्हते.

जानेवारीत मतदानाच्या १५ फेऱ्यांनंतर रिपब्लिकन पक्षाचे केविन मॅकार्थी सभापती झाले, तेव्हा कोणाही एका सदस्याला सभापतिपद रिक्त करण्याचा ठराव मांडता येईल, ही अट त्यांना मान्य करावी लागली होती. ३० सप्टेंबरला त्यांनी डेमोक्रॅट्सच्या मतांच्या बळावर ४५ दिवसांच्या सरकारी खर्चाला ३३५ विरुद्ध ९१ अशी मंजुरी मिळवली. त्यावर चिडून २ ऑक्टोबरच्या संध्याकाळी त्यांच्याच पक्षाचे, फ्लोरिडाचे मॅट गेट्झ यांनी सभापतिपद रिक्त करण्याचा तो ठराव मांडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठराव बाजूला सारण्याचा प्रयत्न २०८ विरुद्ध २१८ मतांनी फसला आणि चर्चा सुरू झाली. आम्ही कार्यालयातल्या टीव्हीवर पाहत होतो. फोन थांबत नव्हते. ते घेणारी मुले कागदावर ‘ठेवा’ आणि ‘काढा’ असे दोन रकाने आखून प्रत्येक फोनमागे एक रेघ ओढत होती. गेट्झ यांना स्वतःच्या पक्षाच्या बाजूने बोलू दिले गेले नाही, म्हणून ते डेमोक्रॅट्सच्या बाजूच्या मेजावरून बोलले. लुइझियानाचे गॅरेट ग्रेव्ह्ज यांनी हातातला मोबाइल उंचावला आणि याच कारवाईच्या नावावर देणग्या मागितल्या जात आहेत, असे संतापून सांगितले. देणग्यांचा जाच आम्ही रोज पाहत होतो. सरकारी इमारतीतून देणगी मागणे कायद्याने निषिद्ध असल्यामुळे सदस्यांना पक्षाच्या कचेरीत जाऊन तासन्‌तास फोन करावे लागतात, आणि दर दोन वर्षांनी निवडणूक असल्याने त्यातून सुटका नसते. समितीची बैठक अर्धवट सोडून तिकडे निघालेले आमचे काँग्रेसमन मी अनेकदा पाहिले आहेत.

एरवी सदस्य यंत्रात कार्ड घालून मत नोंदवतात. त्या दिवशी एकेकाचे नाव पुकारले गेले आणि प्रत्येकाने उभे राहून मत दिले. निकाल २१६ विरुद्ध २१० असा लागला. २०८ डेमोक्रॅट्सना आठ रिपब्लिकन मिळाले होते. आपल्याकडे पक्षादेश मोडला तर सदस्यत्वावर गदा येते. तिथे तसा कायदा नाही, त्यामुळे आठही जण आपापल्या जागी राहिले.

आमचे काँग्रेसमन परतले ते सरळ माझ्या टेबलाशी आले आणि गोठेमालकाला काय कळवले, एवढेच त्यांनी विचारले. मग कोटावरचा सदस्यत्वाचा बिल्ला काढून तो बोटांत फिरवत ते बराच वेळ बोलले. त्या आठांवर ते चिडले होते, पण त्यांच्या तक्रारी खोट्या आहेत, असे मात्र ते म्हणाले नाहीत. सरकारचा वर्षाचा खर्च मंजूर करणारी सगळी विधेयके वेळेत मंजूर होण्याची गोष्ट १९९६ नंतर घडलेलीच नाही. कोणत्याही सदस्याला मुक्तपणे दुरुस्त्या मांडता येतील अशा नियमाखाली सभागृहात शेवटची चर्चा झाली २०१६ मध्ये. हजारो पानांचा मसुदा नेतृत्वाच्या दालनात तयार होतो, आणि साडेसात लाख लोकांचा प्रतिनिधी त्यावर फक्त हो किंवा नाही म्हणतो. मतदारसंघात मात्र लोक विचारतात की तुम्ही काय केलेत.

मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा स्पष्ट दिसले की ठराव मांडणारे आणि त्याला विरोध करणारे एकाच दुखण्याने त्रस्त आहेत. सदस्याच्या हाती घडवण्याची ताकद उरली नाही की अडवण्याची तेवढी उरते, आणि ज्याला ती वापरायची असते तो वापरतो. त्याचा भार सभापतींनी थोडाच सोसला. तो गोठेमालकावर पडला.

पुढचे २२ दिवस सभागृहाला सभापती नव्हता. स्टीव्ह स्कॅलिस, जिम जॉर्डन आणि टॉम एमर यांची नावे पुढे आली आणि गळाली. २५ ऑक्टोबरला माइक जॉन्सन निवडून आले. नोव्हेंबरच्या मध्यावर टेक्ससचे चिप रॉय यांनी भर सभागृहात स्वपक्षीयांना विचारले की प्रचारात सांगता येईल असे आपण केलेले एक तरी काम मला दाखवा. रॉय आणि आमचे काँग्रेसमन यांचे फारसे जमत नसे, तरी त्या दिवशी त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवायला सांगितला.

त्याच आठवड्यात फार्म बिलाला वर्षभराची मुदतवाढ मिळाली आणि मी गोठेमालकाला फोन केला. नवा कायदा पुढच्या वर्षीही झाला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा मुदतवाढच झाली. जानेवारी २०२५ मध्ये नियम बदलला आणि सभापतींविरुद्ध ठराव आणायला बहुमतातल्या पक्षाचे नऊ सदस्य लागतील, असे ठरले. दुरुस्त्या मांडण्याची वाट मात्र कोणी मोकळी केली नाही, आणि आमच्या काँग्रेसमनची मुख्य तक्रार तीच होती.