बोट लागली नव्हती

दत्तजयंती झाली की आठ दिवसांत आमचं अख्खं घर चांदोदला नर्मदेवर जातं. बडोद्याहून पन्नासेक किलोमीटर. तिथल्या एका नावाडी कुटुंबाची छत असलेली लाकडी मोटारबोट आम्ही दोन रात्रींसाठी ठरवतो आणि रात्री वाळूच्या भाठ्याला बोट लावून तिथेच मुक्काम करतो. आमची सासू दत्तसंप्रदायातले संत टेंबेस्वामी यांची भक्त. गरुडेश्वरला त्यांच्या समाधीचं दर्शन आणि मग नर्मदामाईच्या पाण्यावर दोन दिवस, हा नेम त्यांनी घालून दिला. त्या गेल्या, तरी आम्ही तो मोडलेला नाही.

पूर्वी दोन कंदील आणि एक बॅटरी एवढ्यात काम भागायचं. मग धाकट्या भाऊजींना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास निघाला. रात्री नाकाला मास्क लावून सीपॅप मशीन चालू ठेवल्याशिवाय त्यांना झोपता येत नाही. म्हणजे वीज हवीच. पहिल्या वर्षी आम्ही गणपतीत मंडळाला जनरेटर देणाऱ्या मंडपवाल्याकडून एक भाड्याने उचलला. लोखंडी चौकटीतला, 3 केव्हीएचा (एक केव्हीए म्हणजे ढोबळ मानाने हजार वॉट), वजन पंचेचाळीस किलो. बोटीत चढवायला चार माणसं लागली.

मी बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगला चोवीस वर्षं काढली, त्यामुळे मल्टिमीटर माझ्या पिशवीत असतोच. पण मीटर लावण्याआधी मशीन सुरू तर व्हायला हवं! पुतण्याने दोरी वीसेक वेळा ओढली. शेवटी मी कार्ब्युरेटरच्या खालचा स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल स्टीलच्या वाटीत घेतलं. रंग काळ्या चहासारखा, वास जुन्या व्हार्निशचा, आणि वाटीच्या तळाशी पाण्याचा वाटाण्याएवढा थेंब वेगळा उभा. गणपतीपासून तीन महिने ते पेट्रोल तसंच पडून होतं. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं, पाणी जास्त झालं की तळाशी उतरतं आणि शिळं पेट्रोल कार्ब्युरेटरमधलं बारीक छिद्र, म्हणजे जेट, चिकट करून टाकतं. ताजं पेट्रोल घातल्यावर तिसऱ्या झटक्यात सुरू झालं.

मीटर लावला. भार नसताना 53 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला विजेची 53 आवर्तनं (घरच्या विजेत 50 असतात), आणि 246 व्होल्ट. साध्या जनरेटरमध्ये वीज थेट इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून असते: मिनिटाला 3000 फेरे म्हणजे 50 हर्ट्झ, फेरे वाढले की हर्ट्झ वाढले, भार पडला की खाली. दिव्यांना त्याचं काही वाटलं नाही. पण सीपॅपसाठी आणलेल्या छोट्या यूपीएसने (वीज बिघडली की आतल्या बॅटरीवर जाणारं यंत्र) ती वीज घेतलीच नाही. कट-कट करत तो पुनःपुन्हा बॅटरीवर जात राहिला. म्हणून भाऊजींचं मशीन थेट जनरेटरवर लावायचं आणि तो रात्रभर चालू ठेवायचा असं ठरलं. तो निर्णय माझाही होता.

मुक्काम करनाळीजवळ. जनरेटर इतका जड की खाली वाळूवर उतरवायचा विचारही कुणी केला नाही. तो बोटीच्या मागच्या टोकालाच बांधलेला राहिला. थंडी होती म्हणून छताच्या दोन्ही बाजूंची ताडपत्री खाली सोडली, मागची बाजू तेवढी उघडी. मी काठावर भांडी घासत होते. नवाच्या सुमाराला सून वाकून म्हणाली, "काकू, बाळाला उलटी झाली. बोट लागली असेल. आईंचंही डोकं ठणकतंय." मी आलं-लिंबू द्यायला सांगितलं आणि आत निजवायला सांगितलं. मग हातातलं पातेलं विसळताना पाण्याकडे लक्ष गेलं. पाणी ताटात ठेवल्यासारखं स्थिर होतं. बोट लागायला पाणी हलायला हवं ना?

मी धावत जाऊन जनरेटर बंद केला, ताडपत्र्या सोडवल्या आणि सगळ्यांना वाळूवर आणलं. नावाडीकाकांच्या पुतण्याची गाडी काढून रात्रीच डभोईला डॉक्टरांकडे नेलं. जाऊबाईंना आणि बाळाला ऑक्सिजन लावला. पहाटेपर्यंत दोघं बरी झाली.

झालं होतं ते असं. वारा मागून येत होता आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड छताखाली साठत होता. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट धरून ठेवतं. डोकेदुखी, मळमळ, गळून जाणं, ही त्याची लक्षणं हुबेहूब बोट लागल्यासारखी. म्हणूनच बोटीवर तो जास्त फसवतो: माणूस त्रास होणाऱ्याला उलट आत निजवतो. मी तेच केलं होतं.

बडोद्याला परत आल्यावर घरात दोन पक्ष पडले. पुतण्या म्हणाला, स्वतःचा घेऊ, पण असाच मोठा आणि स्वस्त, भाव 32 हजार. माझ्या मनात इन्व्हर्टर जनरेटर होता, म्हणजे इंजिनाची वीज सर्किटमधून नीट करून देणारा, 2 केव्हीएचा, भाव 1 लाखाच्या वर. "काकू, तिप्पट पैसे देऊन कमी वीज घ्यायची?" हा त्याचा प्रश्न रास्त होता, म्हणून मी लग्नपत्रिकेच्या मागे हिशेब मांडला.

सहा एलईडी दिवे मिळून 54 वॉट. फोन आणि कॅमेऱ्याचे चार्जर शंभरेक. बॅटरी चार्ज करायला 200. चटणीसाठी मिक्सर 500, तोही पाच मिनिटं. इथवर हजाराच्या आत. आकडा फुगत होता तो दोन गोष्टींनी: 1500 वॉटची चहाची किटली आणि आंघोळीचं पाणी चढवायला पुतण्याला हवा असलेला अर्ध्या एचपीचा पंप. पंप चालताना साडेपाचशेच घेतो, पण सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या तिप्पट-चौपट मागतो. 3 केव्हीए हवा होता तो त्या एका क्षणासाठी. नदीत बसून आंघोळीला पंप कशाला? पंप रद्द केला, चहा गॅसवर.

मग दुकानं. रावपुऱ्यातल्या एका दुकानदाराने स्वस्तातला सुरू करून दाखवला. बोलणं ऐकू येईना. "बेन, जनरेटर छे तो अवाज तो थाय ज ने," तो म्हणाला. त्याच्या स्टिकरवर 86 डेसिबल लिहिलेलं, शेजारच्या दुसऱ्यावर 65. पुतण्याने लगेच 65 वाला धरला. इथे मी थांबवलं, कारण हे दोन आकडे एका मापाचे नाहीत. 86 हा मशीनमधून निघणाऱ्या एकूण ध्वनिशक्तीचा आकडा. 65 हा सात मीटर लांबून मोजलेला. उघड्या जागेत पहिल्यातून साधारण 25 वजा केले की दुसरा येतो, म्हणजे 86 वाला सात मीटरवर 61 च्या आसपास. 65 वाला खरं तर जास्त आवाजाचा होता. इन्व्हर्टर मशीनच्या माहितीपत्रकात सात मीटरवर कमी भाराला 48 आणि पूर्ण भाराला 57 दिलं होतं. दहा डेसिबल कमी म्हणजे कानाला निम्मा आवाज. कमी भार असला की त्याचं इंजिन हळू फिरतं, कारण आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट वीज नव्याने घडवून ठीक 50 हर्ट्झची देतं. फेऱ्यांचा आणि हर्ट्झचा संबंधच तुटतो. दुकानात मी यूपीएस नेला होता, त्याने एकदाही कट-कट केली नाही.

स्वस्ताच्या बाजूनेही बोलायला हवं. त्याचं इंजिन स्कूटरचा मेकॅनिकसुद्धा खोलू शकतो. इन्व्हर्टरवाल्याचं सर्किट गेलं तर सर्किटची पूर्ण पाटीच (बोर्ड) बदलावी लागते. मी मुद्दाम तिचा भाव विचारला, तर यंत्राच्या किमतीच्या पावपट निघाला. ही जोखीम आहेच, ती मी स्वीकारली. पण वर्षातून एकदा काठावर दिवे लावायचे असतील, तर स्वस्त विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणणं बरं. सांभाळायची कटकट तरी नाही.

माझ्यासाठी निकाल लावला तो वजनाने. इन्व्हर्टर जनरेटर 21 किलोचा. मी आणि सून दोघी मिळून तो बोटीतून वाळूवर उतरवू शकतो, रोज संध्याकाळी, कुणाला हाक न मारता. करनाळीला यंत्र स्वस्त होतं म्हणून बाळ आजारी पडलं नाही. ते जड होतं, म्हणून बोटीवर राहिलं, म्हणून आजारी पडलं. धूर महागड्यातूनही तोच निघतो, तेवढाच विषारी. बडोदेकरांना बोटीवरच्या वजनाबद्दल वेगळं सांगायला नको. 18 जानेवारी 2024 ला बडोद्याच्या हरणी तलावात जास्त माणसं भरलेली बोट उलटून 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. त्यानंतर बोटीत पाय ठेवण्याआधी मी माणसं मोजते, लाइफ जॅकेट मोजते आणि सामान मधोमध ठेवायला लावते.

जनरेटर घेतला. त्याच्यासोबत आणखी तीन वस्तू घेतल्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घेताना पाकिटावर ईएन 50291-2 हा युरोपीय मानकाचा आकडा पाहून घेतला. त्यातला शेवटचा 2 बोटी आणि फिरत्या गाड्यांसाठी असतो. वीस मीटरची तीन तारांची रबरी केबल घेतली, अडीच चौरस मिलिमीटरची, कारण बारीक केबलमध्ये व्होल्टेज गळतं. आणि 500 वॉट-तासांची लिथियम बॅटरी. भाऊजींचं मशीन पाणी गरम करणारा भाग बंद ठेवला तर 35 वॉट घेतं. आठ तासांचे 280. म्हणजे रात्री जनरेटर लागतच नाही.

एक काम मात्र जपून केलं. अशा सुट्या जनरेटरची न्यूट्रल तार बहुधा चौकटीला जोडलेली नसते, आणि ती जोडल्याशिवाय ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवला तरी तो वेळेवर पडत नाही. पाण्याशेजारी हा भ्रम जिवावर बेतू शकतो. मी कामातली असूनही डीलरच्या इलेक्ट्रिशियनला विचारून जोडणी करून घेतली आणि टेस्ट बटण दाबून नव्हे, मीटरने तपासली.

गेल्या खेपेला मुक्काम माळसरजवळ होता. उतरल्यावर आधी मूठभर कोरडी वाळू उडवून वारा पाहिला आणि जनरेटर पंधरा मीटर दूर, वाऱ्याच्या उतरत्या बाजूला ठेवला. पेट्रोल भरलं ते वाळूवरच, यंत्र थंड असताना. बोटीत सांडलं तर त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसून राहते. पुतण्या छताखाली उभा राहून म्हणाला, "चालू आहे ना काकू?" चालू होता. तिन्हीसांजेची आरती त्या आवाजात स्पष्ट ऐकू येत होती. नऊ वाजता मी तो बंद केला. घरी आल्यावर टाकी रिकामी करून कार्ब्युरेटरमधलं उरलेलं पेट्रोल काढायचं, हेही आता ठरलेलं आहे. त्या कामाला तीच स्टीलची वाटी.

सकाळी साडेसहाला उठले. ताडपत्र्या अर्ध्याच सोडल्या होत्या, धुकं आत आलं होतं. अलार्मचा हिरवा दिवा मिनिटागणिक लुकलुकत होता. बॅटरीवर 41 टक्के शिल्लक होते. भाऊजी मास्क लावून गाढ झोपले होते, म्हणून चटणीचा मिक्सर आठ वाजेपर्यंत लावला नाही.