विकेट न पडलेला दिवस

ओळख झाली आणि मी स्पोर्ट्स फोटोग्राफर आहे हे कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "इतके सामने मैदानात बसून पाहिलेत, त्यातला सगळ्यांत लक्षात राहिलेला कोणता?" बहुतेकांना माझ्या तोंडून 2 एप्रिल 2011 ही तारीख ऐकायची असते. वानखेडे, विश्वचषकाचा अंतिम सामना, धोनीचा षटकार. त्या रात्री मी सीमारेषेबाहेर बसलो होतो, हे खरं. पण माझं उत्तर दुसरं आहे आणि ते एका वाक्यात सांगून भागत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

आधी कॅमेऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं. माझी बहुतेक कारकीर्द ज्या कॅमेऱ्यांवर गेली, त्यांत लेन्समागे एक तिरपा आरसा असायचा. लेन्समधून आलेलं दृश्य तो वर फेकतो, म्हणून ते आपल्या डोळ्याला दिसतं. बटण दाबलं की आरसा उचलला जातो, शटर उघडतं, फिल्मवर उजेड पडतो आणि आरसा परत खाली येतो. तेवढा वेळ डोळ्यापुढे काळोख. पापणी लवावी इतकाच, पण नेमका तोच वेळ. बॅटला चेंडू लागतानाचा माझा फोटो तुम्ही पेपरात पाहिला असेल, तर तो क्षण तुम्ही पाहिलात. मी पाहिलेला नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये क्षण स्वच्छ दिसला तर फोटो हुकला, असं आम्ही धरूनच चालायचो.

धोनीचा तो षटकार घ्या. एकोणपन्नासाव्या षटकातला दुसरा चेंडू, गोलंदाज कुलसेकरा. चारशे मिलीमीटरची लांब लेन्स मोनोपॉडवर, म्हणजे एका पायाच्या स्टँडवर, धोनी फ्रेममध्ये, बोट बटणावर. त्यानं बॅट उचलली आणि मी दाबलं. मला दिसले ते तुकडे. बॅट मागे, काळोख, बॅट पुढे, काळोख, मग वर गेलेली धोनीची नजर. चेंडू कुठे पडला ते मला लोकांच्या आवाजावरून कळलं. अठ्ठावीस वर्षांनी विश्वचषक परत आला, तो मी कानांनी ऐकला.

त्या रात्रीतलं मला लख्ख आठवतं ते निराळंच आहे. डावाच्या दुसऱ्याच चेंडूवर सेहवाग पायचीत झाला तेव्हा लोक चुकचुकले. पण सचिन 18 धावांवर मलिंगाला यष्टीमागे झेल देऊन वळला आणि वानखेडेचा आवाजच गेला. जिंकायला 275 हव्या होत्या, झाल्या होत्या 31. श्रीलंकेचे खेळाडू एकमेकांना हाका मारत होते, त्या मला सीमारेषेबाहेर ऐकू आल्या. एरवी रणजीच्या रिकाम्या स्टँडसमोरच तसं ऐकू यायचं. मी लेन्स प्रेक्षकांकडे वळवली, तोंडावर हात घेतलेली माणसं टिपली. फोटो बरे आले. पण ती शांतता त्यात आली नाही, आणि मला आठवते ती शांतताच.

आता माझं उत्तर. 14 मार्च 2001, कोलकात्याचं ईडन गार्डन्स, कसोटीचा चौथा दिवस.

सामना तुम्हाला माहीत असेल. लागोपाठ सोळा कसोटी जिंकून आलेला स्टीव्ह वॉचा ऑस्ट्रेलिया. त्यांच्या 445 समोर आपण 171 वर गारद झालो आणि 274 धावांनी मागे पडून फॉलोऑन घेतला, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजीला उतरलो. पहिल्या डावात शेवटी बाद झालेल्या लक्ष्मणला दुसऱ्या डावात तिसऱ्या क्रमांकावर पाठवलं, द्रविड सहाव्यावर गेला. तिसऱ्या दिवसअखेर 4 बाद 254. लक्ष्मण 109, द्रविड 7.

क्रिकेटच्या फोटोग्राफरचा दिवस विकेटवर चालतो. स्टंप उडाला, झेल गेला, गोलंदाज हात पसरून धावला, की पेपरातली जागा भरली. म्हणून सकाळी मी लेन्स स्लिपच्या दिशेनं लावून बसलो. मॅग्रा नाहीतर गिलेस्पी एक काढणार, मग शेपूट म्हणजे तळाचे फलंदाज, चहापानापर्यंत सामना आटोपणार, असा माझा हिशेब होता. बॅगेत मोजके रोल होते. एका रोलमध्ये 36 फ्रेम. त्या वेळचा चांगला कॅमेरा सेकंदाला आठ फ्रेम मारायचा, म्हणजे बोट दाबून धरलं तर पाच सेकंदांच्या आत रोल खलास. रोल बदलताना विकेट पडली तर ती गेली. म्हणून बोट आवरायला शिकावं लागतं. चेंडू टाकला जाताना श्वास धरायचा, बोट बटणावर टेकवायचं, फलंदाजानं चेंडू नीट खेळला की सोडायचं.

त्या दिवशी मी बोट सोडतच राहिलो. नव्वद षटकं झाली आणि विकेट पडलीच नाही.

पहिल्या तासात मी बेचैन होतो. उपाहारापर्यंत वैताग आला. शेजारच्या फोटोग्राफरनं खुर्ची उचलून सावलीत नेली आणि काही झालं तर सांग म्हणाला. मला हलता आलं नाही, कारण मी हललो आणि विकेट पडली तर ऑफिसला काय सांगणार? उपाहारानंतर कधीतरी मी लेन्सवरून डोळा काढला. ठरवून नव्हे, डोळा दुखत होता म्हणून. आणि बारा-तेरा वर्षांचा असताना जसं क्रिकेट बघायचो तसं बघायला लागलो, मैदान अख्खं.

तेव्हा मला लेगस्पिनर वॉर्न दिसला. म्हणजे त्याला मी आधीही खूप टिपलं होतं, पण त्याचं क्षेत्ररक्षण एका वेळी कधी पाहिलं नव्हतं. चारशेच्या लेन्समध्ये एक माणूस मावतो, फार तर दोन. तो लेगस्टंपबाहेरच्या खडबडीत जागेत चेंडू टाकायचा आणि लक्ष्मण दोन पावलं पुढे येऊन मनगट वळवून तोच चेंडू मिडविकेटला फटकवायचा. पुढचा तसाच चेंडू, आणि हा आत सरकून कव्हरमधून मारायचा. कप्तान स्टीव्ह वॉनं एक माणूस इकडून काढून तिकडे ठेवला, की पुढचा फटका मोकळ्या झालेल्या जागेतून. गोलंदाज, कप्तान आणि फलंदाज यांच्यातलं ते बोलणं मला दिसायला लागलं, आणि त्यातलं काहीच एका फोटोत मावणारं नव्हतं. त्या डावात ऑस्ट्रेलियानं नऊ जणांना गोलंदाजी दिली. हेडन आणि लँगर या फलंदाजांच्या हातात चेंडू आला, तेव्हा ती हार मला क्षेत्ररक्षकांच्या खांद्यांत दिसली.

द्रविडचं शतक झालं तेव्हा त्यानं बॅट प्रेस बॉक्सच्या दिशेनं रोखली. इतका संयमी माणूस, पण त्या मालिकेत त्याच्यावर बरीच टीका झाली होती आणि ती त्याच्या मनात किती खोल गेली होती ते त्या एका हालचालीत कळलं. तो फोटो माझ्याकडे नाही. मी कॅमेरा मांडीवर ठेवून बघत होतो. आमच्या धंद्यात हा गुन्हा आहे आणि त्या रात्री ऑफिसकडून मी बोलणी खाल्ली, ती योग्यच होती. तरीही त्या बॅटचा कोन, द्रविडची आवळलेली हनुवटी मला आजही जशीच्या तशी दिसते. कारण मधे काळोख आला नाही.

दिवसअखेर 4 बाद 589. दिवसभरात 335 धावा. गावसकरांचा नाबाद 236 चा भारतीय विक्रम मागे टाकून लक्ष्मण 275 वर, द्रविड 155 वर. लक्ष्मणची पाठ आधीपासून दुखत होती, द्रविडला पेटके येत होते. परत येताना दोघंही सावकाश, पाय मोजल्यासारखे चालत होते. मी उठून उभा राहिलो आणि चार फ्रेम काढल्या. रात्री हॉटेलच्या बाथरूममध्ये फिल्म धुतली, ड्रायरनं वाळवली, स्कॅन केली आणि फोनच्या तारेवरून एक फोटो पाठवला. पाठमोरे दोघं, मागे लांब सावल्या. दुसऱ्या दिवशी हरभजननं सहा विकेट काढल्या, चहापानाला 3 बाद 161 असलेला ऑस्ट्रेलिया 212 वर संपला, मॅग्रा पायचीत झाला आणि ईडन वेडं झालं. त्या दिवसाचे माझे फोटो सगळीकडे छापून आले. लोक तेच आठवतात. मला विचाराल तर सामना चौथ्या दिवशीच जिंकला होता आणि त्या विजयाचा फोटो कुणाकडेच नाही.

त्यानंतर मी काम करण्याची पद्धत बदलली. प्रत्येक स्पर्धेत थोडा वेळ लेन्सवरून डोळा काढायचा, हे ठरवून टाकलं. लंडनला 2012 मध्ये शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीआधी सुमारे ऐंशी हजार माणसं एकदम गप्प झाली. आठ धावपटू ब्लॉकमध्ये वाकलेले. बोल्टनं 9.63 सेकंदांत संपवलेली ती शर्यत माझ्या आठवणीत धूसर आहे, मी तेव्हा बटण दाबून होतो. आधीची शांतता मात्र माझीच आहे. चार दिवसांनी दोनशे मीटर जिंकल्यावर बोल्टनं एका स्वीडिश फोटोग्राफरचा कॅमेरा घेतला आणि आमच्याच घोळक्याचे फोटो काढायला लागला. जन्मभर ज्यांच्याकडे आपण लेन्स रोखतो त्यांतल्या एकानं ती आपल्यावर रोखली, तेव्हा माझे हात आपोआप खाली आले.

आणि कबड्डी. तिच्याबद्दल मला कुणी विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं. 22 ऑक्टोबर 2016, अहमदाबाद, विश्वचषकाचा अंतिम सामना, समोर इराण. मध्यंतराला आपण 13-18 असे मागे. फोटोग्राफर मॅटच्या इतके जवळ असतात की चढाईपटूचा दम ऐकू येतो. उत्तरार्धात अजय ठाकूर चढाईला जायचा तेव्हा मी डोळे मैदानावर आणि कान त्या "कबड्डी कबड्डी"वर ठेवून होतो. इराणची पकड जबरदस्त. घोट्याला हात पडला की सहा-सात जण अंगावर कोसळायचे, त्या ढिगाऱ्यातून एक हात मध्यरेषेकडे सरकायचा आणि त्याची बोटं मॅट ओरबाडत पुढे यायची. रेषेला टेकलेल्या बोटांचा फोटो मिळाला की कबड्डीचा फोटोग्राफर सुखी. मला तो मिळाला. पण बोटं टेकण्याआधी दम चढत गेल्याचा जो आवाज होता, तो मला त्या फोटोपेक्षा मोलाचा वाटतो. ठाकूरचे बारा गुण, लोण चढवला, म्हणजे इराणचा अख्खा संघ बाद केला, आणि 38-29 नं आपण जिंकलो.

शेवटचं एक सांगतो, कारण ते अजून ताजं आहे. 2 नोव्हेंबर 2025, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, महिला विश्वचषकाचा अंतिम सामना. पावसानं सुरुवात लांबली. फोटोग्राफर प्लास्टिक पांघरून, कॅमेरे पोटाशी धरून बसले होते. माझ्या हातात आता बिनआरशाचा कॅमेरा आहे. बटण दाबलं तरी डोळ्यापुढे काळोख येत नाही, आवाजही होत नाही. मध्यरात्रीच्या सुमारास दीप्ती शर्माच्या चेंडूवर दक्षिण आफ्रिकेच्या डी क्लर्कनं फटका उचलला आणि आपली कप्तान हरमनप्रीत मागे पळत गेली. शेवटची विकेट. चेंडू तिच्या हातात विसावताना मी बटण दाबून होतो आणि मला सगळं दिसत होतं. तीस वर्षांहून जास्त या कामात काढल्यावर, जो क्षण टिपला तोच पाहिला, असं इतक्या मोठ्या सामन्यात पहिल्यांदाच घडलं.

थोड्या वेळानं मी अमोल मुजुमदारला शोधलं. संघाचा प्रशिक्षक. 1988 मध्ये शालेय सामन्यात सचिन आणि कांबळीची 664 धावांची भागीदारी चालू असताना हा मुलगा पॅड बांधून बसला होता आणि त्याची पाळी आलीच नाही. पुढे रणजी पदार्पणात 260 धावा, प्रथमश्रेणीत एकूण 11,167 धावा, आणि भारताची कसोटी टोपी कधीच नाही. रणजीच्या रिकाम्या मैदानांवर मी त्याचे कितीतरी फोटो काढले, त्यातले फारच थोडे छापले गेले.

हरमनप्रीत त्याच्याकडे आली, वाकून त्याच्या पाया पडली आणि मग त्याला मिठी मारली. मी बटण दाबून धरलं होतं. तो तिच्या खांद्यावर डोकं टेकून उभा होता, आणि मी व्ह्यूफाइंडरमधून बघत होतो.