गौरी जेवल्या, आई मागेच

आज घरी गौरीपूजन झालं. भजनी मंडळी नुकतीच उठून गेली, चुलत भावंडं पडवीत लवंडलीत. मला झोप येत नाही म्हणून लिहितोय.

गणपतीइतका जीव माझा दुसऱ्या कशातच नाही. कोकण रेल्वेचं तिकीट हाती लागलं की मुंबईत माझी चतुर्थी सुरू होते. गणपतीच्या डोक्यावरची माटवी, म्हणजे फळापानांनी सजवलेली चौकट, बांधायला तर मीच लागतो. कवंडाळं, शेरवडाची पांढरी पानं, सुपारीचे घोस, असोला नारळ. सगळं रानातून-परड्यातून आणायचं आणि रात्र जागवून बांधायचं. यात आजही तसूभर फरक पडलेला नाही.

पण बाबा गेल्यापासून गौरीचा दिवस अंगावर येतो. तेरड्याची गौर पाणवठ्यावरून आणायला घरातल्या सगळ्या बायका जातात. आई जात नाही. ती पहाटेपासून चुलीशी असते. आजचा सगळा नैवेद्य तिच्या हातचा, वाटपाचा नारळसुद्धा तिनेच खवला. दुपारी काकी आणि वहिन्या सुपं घेऊन ओवसायला बसल्या. ओवसा म्हणजे सवाष्णींनी गौरीला द्यायचं सुपाचं वाण. सुपाला दोरा गुंडाळलेला, आत पानांवर फळं. एकीच्या सुपाचा दोरा सुटला, तो आईने स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआडूनच नीट करून दिला आणि ती मागे सरकली. हळदीकुंकवाचं तबक फिरलं, तेही तिच्यापर्यंत आलं नाही. कुणी मुद्दाम टाळलं असं नाही. कुणाच्या मनातच आलं नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

मी जवळ गेलो तर म्हणाली, "माझा काय ओवसा रे आता! पोरींचा होऊ दे."

2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. सरकारनेही मग बाकीच्या ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. तेव्हा मी ती बातमी घरच्या ग्रुपवर टाकली होती. सगळ्यांनी अंगठे दाखवले, गौरीपुढे मात्र काही हललं नाही.

गौर माहेरवाशीण म्हणून येते. तिला जेवू घालणारीच तिच्यासमोर बसू शकत नाही, हे मला पटत नाही. सण सोडावा असंही वाटत नाही. हा सण माझ्याइतकाच आईचाही आहे. उद्या विसर्जनाआधी काकांशी बोलेन. त्याआधी आईला विचारायला हवं, तिला काय हवंय ते. इतक्या वर्षांत ते आम्ही कुणीच विचारलेलं नाही.