रायवळ आंब्यावरचं बांडगूळ

3 जून 2020 च्या दुपारी निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरून गेलं. आम्ही चौलला राहतो, अलिबाग तालुक्यात. घरामागे 18 गुंठ्यांची वाडी. त्या दिवसापर्यंत तिथे भर दुपारीही दिवेलागणीसारखा अंधार असायचा. संध्याकाळी वारा पडल्यावर मागचं दार उघडलं आणि समोर आभाळ दिसलं. लग्न होऊन या घरात आल्याला तेव्हा बावीस वर्षं झाली होती. मागच्या दारातून आभाळ मी पहिल्यांदाच पाहत होते. 110 पोफळींपैकी 74 आडव्या, नऊ माड मुळासकट, फणस मधोमध चिरलेला. सासूबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

पुढचे काही महिने खोडं तोडण्यात आणि वाहण्यात गेले. ते लिहीत नाही. त्या उघड्या पडलेल्या जमिनीत नंतर जे उगवलं, ते सांगायला बसले आहे.

आमची वाडी दर पावसाळ्यात दोनदा बेणली जायची. माड, पोफळ, केळ, जायफळ सोडून जे हिरवं दिसेल ते रान, आणि रान काढायचं. त्या वर्षी बेणायला ना माणसं मिळाली, ना आमच्या अंगात बळ उरलं होतं. जुलैत गुडघ्याएवढं रान माजलं. एका रविवारी मीच विळा घेऊन उतरले आणि मूठभर उपटलं, तशा सासूबाई मागच्या पायरीवरून ओरडल्या, "अगं, तो टाकळा! उपटतेस काय? कोवळा पाला खुड, भाजी करू."

मी डोंबिवलीची. टाकळ्याची भाजी ताटात खाल्लेली, जमिनीतला टाकळा कधी ओळखला नव्हता. त्या दिवशी आईंनी (सासूबाईंना मी आईच म्हणते) पायरीवर बसल्या बसल्या अकरा झाडांची नावं सांगितली. टाकळा, कुर्डू, आघाडा, भुईआवळा, दिंडा, पेव, रानहळद... मी ऑफिसात हिशेब लिहिते. घरात एक कोरी खतावणी पडून होती, तिच्यात पानामागून पान लिहीत गेले: नाव, कुठे उगवलं, कधी फुललं, कोण खातं. "कोण खातं" हा रकाना मी माणसांसाठी ठेवला होता. म्हणजे भाजी होते का, औषधी आहे का. तो पुढे भलत्याच नावांनी भरला.

सुरुवात टाकळ्यानेच केली. खुडलेला पाला निवडताना एका पानाच्या मधल्या शिरेवर पानाच्याच रंगाची बारीक अळी लांबट पडून होती. आईंनी ती पानासकट उचलून कुंपणाबाहेर ठेवली आणि निवडणं चालू ठेवलं. मी मात्र दुसऱ्या दिवसापासून टाकळ्याची पानं उलटून बघायला लागले. वाडीत जमिनीलगत भिरभिरणारी छोटी पिवळी फुलपाखरं, ज्यांना ग्रास यलो म्हणतात, ती टाकळ्याच्या पानावर क्षणभर टेकायची, शेपटाकडचा भाग वाकवायची आणि उडायची. टेकली त्या जागी तांदळाच्या कणीहून बारीक, दोन्ही टोकांना निमुळतं, पांढरट अंडं. एका पानावर एकच. संध्याकाळी टाकळ्याची पानं मिटतात हेही तेव्हाच लक्षात आलं. बावीस वर्षांत त्या वेळेला मी कधी मागे गेलेच नव्हते.

शेवळांचीही तीच गत. पहिल्या पावसात बाजारात शेवळांच्या जुड्या येतात, घशाला खाज येऊ नये म्हणून सोबत काकडं ही आंबट फळं विकत घ्यायची, निगुतीने भाजी करायची, हे मी इथे येऊन शिकले होते. आणि वाडीच्या कडेला जुलैत ठिपक्याठिपक्यांच्या देठावर छत्रीसारखं पान उभं राहतं, तेही दरवर्षी बघत होते. दोन्ही एकाच कंदातून येतात, आधी फुलोरा म्हणजे शेवळ, आणि तो संपल्यावर पान, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग? तुला काय वाटलं?"

त्याच उत्साहात 2021 च्या उन्हाळ्यात मी एका नर्सरीतून "फुलपाखरांची बाग" म्हणून रोपं आणली. रंगीत घाणेरी, कॉसमॉस आणि आणखी दोन-तीन. साडेचार हजार रुपये गेले. फुलपाखरं आली, मध प्याली. पण खतावणीत त्या झाडांसमोरचा "कोण खातं" रकाना वर्षभर कोरा राहिला. मोठं फुलपाखरू कुठल्याही फुलावर मध पितं. त्याची अळी मात्र ठरलेलीच झाडं खाते, आणि ती झाडं शेकडो पिढ्या इथेच तिच्यासोबत वाढलेली असतात. कढीपत्त्याच्या एका कोपऱ्यातल्या झाडावर बहुरूपी फुलपाखराच्या अळ्या होत्या. लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या, मोठ्या झाल्यावर हिरव्यागार, आणि बोट लावलं की डोक्यामागून लाल दुबेळकं शिंग बाहेर काढून घाण वास सोडणाऱ्या. साडेचार हजारांच्या रोपांवर एकही नाही. घाणेरी मी नंतर काढून टाकली. ती बाहेरदेशातून आलेली आहे आणि पक्षी तिची फळं खाऊन बिया डोंगरभर पसरवतात. आपल्या वाडीतून ती पसरायला नको.

आता बांडगुळाकडे येते.

विहिरीपाशी एक जुना रायवळ आंबा आहे. फळ आंबट, धाग्यांचं, लोणच्यापलीकडे उपयोग नाही. त्याच्यावर बांडगुळाचे सात-आठ झुबके होते. मराठीत बांडगूळ ही शिवीच आहे. दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्याला आपण तेच म्हणतो. नारळ पाडायला येणारे काका दर हिवाळ्यात कोयत्याने ते साफ करायचे. नोव्हेंबर 2021 मध्येही केले. झुबके खाली पाचोळ्याच्या ढिगावर पडले होते, संध्याकाळी पेटवायचे होते. मी विहिरीवर पाणी भरायला गेले तेव्हा दिसलं की तोडलेल्या फांदीखाली हवेत काहीतरी लोंबतंय. जवळ गेले तर रेशमाच्या धाग्यांना लटकलेले सुरवंट. पिवळसर तपकिरी अंग, काळं डोकं, पांढरे केस. एका झुबक्यात पस्तीस मोजले. सगळे एकत्र, पंगतीला बसल्यासारखे एकाच पानाच्या कडेने.

फोटो काढून आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकला. रात्री उत्तर आलं: कॉमन जेझबेल. मराठी नाव हळदीकुंकू. पंख मिटले की खालची बाजू हळदीसारखी पिवळी आणि कडेला कुंकवाच्या बोटांसारखे तांबडे ठिपके. हे फुलपाखरू आमच्या वाडीत उंचावरून रमतगमत जाताना मी कितीदा बघितलं होतं. आणि त्याचे सुरवंट वाढतात ते बांडगुळाच्या पानांवर. म्हणजे मी दरवर्षी मजुरी देऊन ते जाळत होते.

त्या रात्री ढीग पेटवू दिला नाही. सकाळी काकांना पुन्हा बोलावलं आणि वर शेंड्याजवळ राहिलेल्या एकुलत्या झुबक्यात सुरवंटांची पानं बांधून द्या म्हटलं. काका माझ्याकडे बघत राहिले. "वैनी, बांडगूळ वाचवायचंय?" मग कमरेला पिशवी बांधून चढले. काही सुरवंट वाटेत निसटले असतील. पण तीन आठवड्यांनी विहिरीच्या कठड्यावर आणि आमच्या न्हाणीघराच्या भिंतीवर पिवळेजर्द, काळ्या टिपक्यांचे कोश मिळाले. चौदा. त्यांतला एक उकलताना मी पूर्ण पाहिला, ऑफिसला पाऊण तास उशीर करून. आधी कोशाची कड फाटली, मग ओले, चुरगळलेले पंख बाहेर आले, आणि ते पंख हळूहळू असे भरत गेले, जसं उन्हात वाळत घातलेलं लुगडं सरळ होत जातं. आई शेजारी स्टुलावर बसून होत्या. म्हणाल्या, "हळदीकुंकूच आहे गो." आणि खरंच हात जोडले.

त्यानंतर बांडगुळाबद्दल मिळेल ते वाचलं. ते पूर्ण परजीवी नाही. पानं हिरवी आहेत, अन्न स्वतः तयार करतं. पाणी आणि क्षार मात्र आंब्याच्या फांदीतून ओढतं. शेंदरी नळकांडीसारखी फुलं शिंजीर पक्ष्यासाठी. फळ फुलटोच्यासाठी. हा पक्षी अंगठ्याएवढा, आपल्याकडच्या सगळ्यांत लहान पक्ष्यांपैकी. दिसतो कमी, "चिक चिक" ऐकू येतो. बांडगुळाचं बी इतकं चिकट असतं की विष्ठेतून बाहेर पडतानाही त्याला सोडत नाही. मग तो फांदीवर बुड घासतो आणि बी तिथेच चिकटतं. पेरणी झाली! पक्षीतज्ज्ञ सलीम अली यांनी 1931 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात याच गोष्टीवर लेख लिहिला होता: कोकणात बांडगूळ पसरवण्यात शिंजीर आणि फुलटोच्यांचा वाटा. त्या सुमारास ते किहीमला राहायचे. किहीम आमच्याच तालुक्यात. नव्वद वर्षांपूर्वी इथून जवळच कुणी तरी मान वर करून हेच बघत उभं होतं, हे वाचून मला किती बरं वाटलं!

आता हेही स्पष्ट सांगते: बांडगुळाने झाडाचं नुकसान होतं. जास्त माजलं तर फांदी वाळते. आमची पाच हापूस आहेत, घरातला थोडाफार पैसा त्यांच्यावर येतो, आणि त्यांच्यावरचं बांडगूळ मी आजही काढून घेते, फांदी मुळाखालून छाटून. यजमानांशी यावर बरंच बोलणं झालं. शेवटी ठरलं ते असं: हापूस आपली, रायवळ त्यांची. रायवळावर तीन झुबके राहतील, चौथा झाला की छाटायचा. त्याच्यावर आणि त्याच्या शेजारच्या हापूसवर तुडतुड्यांची फवारणी करायची नाही. त्या एका हापूसचा मोहोर दोन वर्षं बराच गळला. तो तोटा खतावणीत लिहिला आहे.

पडलेल्या पोफळींच्या जागी आम्ही निम्म्याच नव्या लावल्या. उरलेल्या जागेत आपोआप आलेला चांदाडा आता घराच्या कौलांच्या वर गेलाय, उंबराची दोन रोपं आहेत, भोकर आहे. रानमोडी हे बाहेरदेशातून आलेलं तण मात्र दिसलं की उपटते, त्याला सोडत नाही. खतावणीत आजपर्यंत 143 झाडंझुडपं आणि 61 फुलपाखरं नोंदली आहेत. नानेटी साप दोनदा दिसला, काका काठी शोधत होते, आई म्हणाल्या, "बिनविषारी आहे, जाऊ दे त्याला." आई गेल्या वर्षी गेल्या. खतावणीतली पहिली अकरा नावं त्यांच्या उच्चाराप्रमाणेच लिहिलेली आहेत, ती मी सुधारली नाहीत.

परवा रविवारी हापूसच्या खालच्या फांदीवर फुलटोच्याने ठेवलेलं ताजं बी सापडलं, पारदर्शक चिकट धाग्यात गुंडाळलेलं. नखाने काढलं तर बोटालाच चिकटलं. झटकलं तरी जाईना. विहिरीपाशी गेले आणि रायवळाच्या एका कोवळ्या फांदीवर बोट घासलं. आज सकाळी पाहिलं: बी तिथेच आहे, आणि त्यातून निघालेला हिरवा कोंब खाली वाकून सालीकडे वळला आहे.