फॉर्ममध्ये 'नेहमी' लिहिणं सोपं असतं

पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र विभागात मॅडमच्या हाताखाली मी आमच्याच मेडिकल कॉलेजच्या मुलामुलींचा कोविडवर केएपी सर्व्हे केला. त्यांना काय माहीत आहे, काय वाटतं आणि ते प्रत्यक्षात काय करतात, हे तपासायचं होतं. नागपुरात पहिला रुग्ण ११ मार्च २०२० ला सापडला होता. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं, तरी १५ मार्चपासून शहर पुन्हा लॉकडाउनमध्ये गेलं. त्याच सुमारास आमचा फॉर्म फिरत होता.

सर्वांत जास्त वेळ संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीत गेला, आणि तो जायलाच हवा होता. ज्युनिअर मुलं 'नाही' म्हणू शकतील का, हा कमिटीचा पहिला प्रश्न. म्हणून रोल नंबर काढून टाकला, ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद केला, पहिल्या पानावर संमती घेतली. लिंकही शिकवणाऱ्या सरांकडून पाठवली नाही. इंटर्नल मार्क ज्यांच्या हातात, त्यांना कोण खरं सांगणार?

ज्ञानाचे प्रश्न सगळ्यांना सोपे गेले. लक्षणं, विषाणू पसरतो कसा, हे तोंडपाठ होतं. खरी कसोटी आचरणाच्या प्रश्नांची. 'मास्क वापरता का?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं: नेहमी. मग पायलटनंतर, म्हणजे थोड्या जणांवर फॉर्म आधी तपासून पाहिल्यावर, मॅडमनी तो प्रश्न बदलायला लावला: 'काल मेसमध्ये जेवण झाल्यावर गप्पा मारताना मास्क कुठे होता?' एक मित्र म्हणाला, "काऊन बे, असं विचारते का कोणी?" पण तसं विचारल्यावरच मुलं खरं लिहू लागली.

पीपीई किट काढण्याचं तर फॉर्मवर विचारून भागतच नाही. ग्लोव्हज आधी, एन-९५ मास्क सगळ्यात शेवटी, हा क्रम लिहिता सगळ्यांना येतो. घामाने भिजून बाहेर आल्यावर मात्र हात आधी मास्ककडे जातो. हँडरब (सॅनिटायझर) २० ते ३० सेकंद चोळायचा असतो, तोही घाईत आटोपतो. त्यासाठी चेकलिस्ट घेऊन समोर उभं राहावं लागतं.

शेवटी एक मोकळी चौकट ठेवली होती. तिथे एकीने लिहिलं, "घरी गेले की आजीशी दाराबाहेरूनच बोलते." ते कुठल्याच स्केलवर बसवता आलं नाही. अहवालात मी ते तसंच्या तसं घातलं.

आता ज्युनिअर माझा फॉर्म मागायला येतात. त्यांना मी आचरणाचे प्रश्न आधी लिहायला सांगते. ज्ञानाचे एका संध्याकाळी होतात.