काहीच न टाकणाऱ्यांचं घर

माळा आवरायचा विषय निघाला की घरात दोन तट पडतात. 'राहू दे, कधीतरी लागेल' म्हणणारा एक, 'भंगारवाल्याला बोलवा' म्हणणारा दुसरा. मी पहिल्या तटातली. आणि वेल्समधल्या रेक्समजवळचं एर्दिग नावाचं घर हा माझा हुकमाचा एक्का आहे.

घर बांधायला काढलं १६८४ च्या सुमारास, जोशुआ एडिसबरी नावाच्या जमीनदारानं. आपल्याकडे घर बांधणाऱ्याचं होतं तेच त्याचंही झालं, कर्जात बुडाला. कर्ज देणाऱ्यांत एलिहू येलही होता. मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर झालेला, अमेरिकेतल्या विद्यापीठाला ज्याचं नाव आहे, तोच हा येल. पुढे लंडनच्या जॉन मेलर या वकिलानं घर विकत घेतलं, दोन्ही बाजूंना वाढवलं, उंची सामानानं भरलं आणि १७३३ साली भाच्याच्या हवाली करून डोळे मिटले. भाचा सायमन यॉर्क. त्याच्यानंतर फिलिप, मग ओळीनं दोन सायमन, पुन्हा फिलिप. एकविसाव्या नाही तरी विसाव्या शतकापर्यंत हीच दोन नावं.

देखणेपणाच्या बाबतीत घर बेताचंच. लांबच लांब, विटांचं, सरळसोट. पश्चिमेच्या वाऱ्यापावसानं त्या बाजूच्या विटा झिजल्या, तेव्हा १७७० च्या दशकात जेम्स वायट या वास्तुकाराकडून तिथे दगडी दर्शनी भाग करून घेतला. पूर्वेला विटा तशाच राहिल्या.

खरी गंमत आत, नोकरांच्या दालनात आहे. बड्या घरांत भिंतीवर पूर्वज टांगतात. पहिल्या फिलिपनं १७९० च्या दशकात चित्रकार बोलावून नोकरांची तैलचित्रं काढून घेतली: सुतार, लोहार, शिकाररक्षक. जेन एब्रेल नावाची मोलकरीण चित्रात सत्त्याऐंशी वर्षांची आहे. कोळिष्टकं काढणं हे तिचं काम, आणि चित्रासोबतच्या कवितेत ते मानानं नोंदवलंय. कविता स्वतः फिलिपच्या. त्या वाईट आहेत, पण मनापासून वाईट आहेत. एका काळ्या मुलाचं जुनं चित्रही तिथे आहे. त्याच्याबद्दल फारशी माहिती नाही, असं कवितेतच म्हटलंय. बाकीच्यांची नावं-गावं जपणाऱ्या घरात एवढी एक जागा रिकामी, ही गोष्ट मला खटकत राहते. १८५० नंतर चित्रांऐवजी फोटो आले, प्रथा मात्र चालू राहिली.

मग जमिनीखालून कोळसा निघाला. बर्शम खाणीचे बोगदे थेट घराखाली गेले आणि घर एका टोकाला पाच फूट खचलं. भिंतींना तडे, छपराला भोकं, राजेशाही पलंगावर पावसाची धार. शेवटचा फिलिप विजेशिवाय, मोजक्या खोल्यांत राहत होता. मूलबाळ नव्हतं. सामान विकून तो सुखात राहू शकला असता. त्यानं १९७३ साली सगळं नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेला देऊन टाकलं. अट एकच, आतली वस्तू बाहेर जाता कामा नये. आज तिथल्या वस्तूंचा आकडा तीस हजारांवर आहे.

सरकारी कोळसा मंडळाच्या भरपाईचा हातभार लावून घर सावरलं आणि १९७७ साली लोकांसाठी उघडलं. पाहुण्यांना तेव्हा दर्शनी दारानं आत घेतलंच नाही. वाट काढली ती मागच्या अंगणातून: आधी सुतारशाळा, तबेले, धुण्याची खोली, स्वयंपाकघर, मग जेनबाई आणि मंडळी, आणि त्यानंतर कुठे मालकांचा दिवाणखाना.